खळीने चिकटलेले दार

मित्रांनो, मी पहिल्या मजल्यावरचे एक जुने दार आहे. दोन फळ्या, मध्ये फट आणि उजव्या फळीला लोखंडी कडी. घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांचे यजमान भाड्याने राहायचे. यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. घरी आले की कडी तीनदा वाजवायचे, दोनदा लगेच आणि एकदा थांबून. "आले हो," म्हणत मावशी मला उघडायच्या. तेव्हा माझा काय थाट होता!

चार वर्षांपूर्वी यजमानांना शेवटचे माझ्यातूनच बाहेर नेले. मावशींनी आतून माझ्यापुढे कपाट सरकवले आणि त्या मागच्या जिन्याने जाऊ-येऊ लागल्या. मला कोणी पुसेना, बिजागऱ्यांना तेल देईना. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एका दुपारी कोर्टाचा बेलिफ आला. मालकाला घर रिकामे करून हवे होते आणि मावशींना कोर्टात हजर राहायचा कागद आला होता. बेलिफाला कसली घाई होती कोण जाणे. त्याने दोन्ही हातांनी खळ फासली आणि कागद बरोबर माझ्या फटीवर, दोन्ही फळ्यांना धरून चिकटवला. तेवढ्यात कडी वाजली. दोनदा लगेच, एकदा थांबून.

आतले शिवणयंत्र थांबले. कपाटामागून बारीक आवाज आला, "जा ना हो. मला भीती वाटते."

कागद मावशींनी पाहिलाच नाही, म्हणून तारखेला त्या गेल्याच नाहीत. निकाल एकतर्फी लागला. घर रिकामे करायचा हुकूम मागच्या दारी आला, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

त्यांची भाची वकील. निकाल रद्द करा, आमचेही ऐकून घ्या, असा अर्ज तिने केला. पण बेलिफाने लिहून दिले होते की, कागद दाराला चिकटवला, मग कडी वाजवली, बाईंनी दार उघडून तो वाचला आणि दार लावून घेतले. मग मला बघायला कोर्टाचा माणूस आला. सोबत बेलिफही होता. कागद पिवळा पडला होता, पण फटीवर कुठेही फाटला नव्हता.

"कागद न फाटता दार उघडलं कसं?" कोर्टाच्या माणसाने बेलिफाला विचारले.

बेलिफाची मान खाली गेली. "चुकलं साहेब. मी कडी वाजवलीच नाही. हात खळीनं बरबटले होते."

भाचीला हायसे वाटले. जिन्यात उभ्या मावशींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "मग वाजवली कोणी?"

मला माहीत होते. त्या हाताला घड्याळाच्या तेलाचा वास होता.

निकाल रद्द झाला. आता मावशींचे म्हणणे ऐकले जाईल, तोवर घर त्यांचेच. कपाट हलले, बिजागऱ्यांना तेल मिळाले, यंत्र माझ्याशेजारी आले.

मित्रांनो, आपल्या दाराची निगा राखा. आणि ओळखीच्या हाताने कडी वाजली, तर भिऊन बसू नका. तो माणूस काहीतरी सांगायलाच आला असेल.

मावशी आता मला दुपारभर सताड उघडे ठेवतात आणि वाट बघतात. पण उघड्या दाराची कडी कोण वाजवणार?