नमुन्याची काठवट

मार्गशीर्षातलं ऊन. पक्व, पीतवर्ण, आळसावलेलं. खंबाटकीच्या पायथ्याच्या माळावर, वाळल्या कुसळी गवतातून सुवर्णरेणू उधळीत ते येतं आणि कारखान्याच्या पत्र्यातल्या भोकांवाटे आत उतरतं. आत लाकडाचा भुसा तरंगत असतो. उन्हाच्या तिरिपेत तोही क्षणभर सोन्याचा होतो, आणि बायकांच्या केसांवर, पापण्यांवर बसला की पुन्हा भुसाच होतो.

या कारखान्यात नव्याला जुनं करतात. शहरातल्या काचेने मढवलेल्या घरांना जुनेपणाचं भारी वेड. मात्र जुनी माणसं नकोत, जुने वास नकोत, जुने खोकले नकोत. म्हणून कालच यंत्राने कोरलेल्या कोवळ्या लाकडाला इथे साखळीने झोडपतात, दाभणाने किडीची भोकं पाडतात, गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगरचं पाणी पाजतात आणि वरून मेणाचा हात फिरवतात. सकाळचं नवंकोरं लाकूड दिवेलागणीला आजोबा होऊन बाहेर पडतं. हे काम तानूबाईचं, आणि तिच्या हाताला तोड नव्हती.

तिच्या घरी खरोखरीची जुनी वस्तू एकच होती. आयची काठवट. आंब्याच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, धूम्रवर्ण, पिठाने पांढुरकलेली. भावांनी रान वाटून घेतलं, घर वाटून घेतलं. तानूच्या पदरात एवढीच पडली. भाकरी थापता थापता आयच्या तळव्याने तिच्यात एक उथळ खळगा पाडला होता. बूड जरासं तिरपं. दर थापेला ती एका अंगाला कलायची आणि वाजायची. टुक्. टुक्. टुक्. त्या आवाजानेच तानूचं बालपण रोज जागं व्हायचं.

काठ तडकला, म्हणून सांधायला तिने काठवट कारखान्यात आणली, आणि नेमकी ती रेवतीमॅडमच्या नजरेस पडली. मॅडम वस्तूंचे आराखडे करीत. वयाने तानूच्या लेकीएवढ्या, बोलायला गोड. त्यांनी काठवट उराशीच धरली.

"किती सुंदर आहे! तानूताई, नमुन्याला ठेवू? काम झालं की परत."

"माज्या आयची हाय मॅडम. जपून ठिवा."

नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

मग यंत्राने माप घेतलं. पात्यांनी सूर धरला. आंब्याच्या ओंडक्यांतून काठवटी निघाल्या. एकरूप, सपाट बुडाच्या, मुक्या. प्रत्येकीच्या काठाला मुद्दाम तडा दिला, तड्यावर पितळी पट्टी ठोकली, तशीच आयच्या काठवटीवरही ठोकली. दिवाणखान्यात मधोमध मांडायच्या, त्यांत मेणाची फळं रचायची, एवढाच यांचा संसार. पण यंत्राने पाडलेला खळगा मॅडमना पटेना. जीव नाही यात, असं त्या म्हणाल्या.

तो जीव तानूने ओतला. तळव्याखाली पॉलिश पेपर धरून ती थापीत बसली. पिठावाचून, पाण्यावाचून, भाकरीवाचून थापीत बसली. आय बसायची तशी, एक गुडघा उभा करून. आय वळवायची तसं, मनगट वळवून. एकेक खळगा उमलत गेला आणि तिला वाटे, आय परत येतेय. या काठवटीत थोडी, त्या काठवटीत थोडी. त्या दिवसांत ती मनापासून सुखी होती, हे सांगितलंच पाहिजे.

माल निघायच्या दुपारी तिने आपली काठवट मागितली. कुणीतरी नमुन्यालाही मेण चढवून त्याच रांगेत ठेवलं होतं. मऊ फोमवर सगळ्या निजलेल्या. एका वर्णाच्या, एका वयाच्या, एकाच जखमेच्या. मॅडम हसल्या.

"घ्या ना ओळखून, तानूताई. सगळ्या तुमच्याच तर हातच्या!"

तानूने एका खळग्यात तळवा ठेवला. बसला. दुसऱ्यात ठेवला. बसला. तिसऱ्यात, पलीकडच्यात, पार कडेच्या खळग्यात. प्रत्येक काठवटीने तो हात आपला म्हणून पोटात घेतला. जो हात ओळखायला निघाला होता, त्यानेच ओळख पुसून टाकली होती. तिने हुंगून पाहिलं, तर सगळीकडे मेण. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. शेवटी तिने एक उचलली, देवाचं नाव घेतलं आणि पदराखाली झाकली.

संध्याकाळ धूसर झाली. तिने राखेने, कढत पाण्याने काठवट घासघासून काढली. पीठ मळलं, उंडा केला, गुडघा उभा केला, आणि थापलं.

काठवट हलली नाही.

पुन्हा थापलं. पुन्हा. फरशीवर ती घट्ट बसून राहिली, मुकी, सपाट बुडाची. आपण हाताने शोधायला गेलो, कानाने शोधायला हवं होतं, हे तिला आत्ता उमगलं; आणि ट्रक केव्हाच घाट चढून गेला होता. तिने भाकरी भाजली, तुकडा मोडला. मेणाच्या वासाची भाकरी, कडू जहर. तीच ती गिळत राहिली.

आणि कुठल्याशा उंच, उजळ, शीतल घरात, काचेच्या मेजावर, एखादीचा हात लागेल आणि आयची काठवट एका अंगाला कलेल. टुक्. घरधनीण कपाळाला आठी घालील. कागदाची एक घडी करील, अलगद बुडाखाली सरकवील; आणि मग काठवट वाजणार नाही.