गोठ्यामागची गांडुळं

नवरा गेल्यावर सुनेने त्याचे कपडे देऊन टाकले, सायकलही देऊन टाकली. गोठ्यामागच्या गांडुळांना मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. त्याने वाफ्यात ओंजळभर सोडली होती, त्यांचा आता नुसता बुजबुजाट झाला होता. "त्याच्या हातचं एवढंच जिवंत उरलंय," असं ती म्हणायची. लोक हसायचे. हसोत बापडे!

मग ती तापाने अशी आडवी झाली की उठवेना. सासरे गाईंचं सगळं बघायचे, पण मुलगा गेल्यापासून त्यांच्या तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. तेच दारात येऊन म्हणाले, "पडून राहा पोरी. त्याची पिलावळ मी सांभाळतो."

आणि सांभाळली हो, जिवापाड सांभाळली. रोज ताजं शेण पसरून निववायचं, मग टोपल्या भरभरून वाफ्यात घालायचं, वर ओलं गोणपाट. फक्त त्याच आठवड्यात गाईंना जंताचं औषध पाजलं होतं, आणि तेही त्यांनीच. औषध दिल्यावर बरेच दिवस ते शेण गांडुळांना घालायचं नसतं. पण वाफ्याचं शेण नेहमी मुलगाच निवडायचा. म्हाताऱ्याला कोण कशाला सांगतंय?

ताप उतरल्यावर तिने गोणपाट उचललं आणि भपकन वास आला. कोपरापर्यंत हात घातला, एकही वळवळ नाही.

"बाबा, गाईंना काही दिलं होतं का?"

"जंताचं औषध. का गं?"

म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं आणि हातातली टोपली गळून पडली.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"अगं, मी रोज बोलत होतो त्यांच्याशी. पोराशी जन्मात बोललो नाही तेवढं."

सून माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हाताला चाळा म्हणून तिने वाफ्यातली मूठभर माती बरणीत घातली, आत चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मातीतले जीवाणू श्वास सोडतात, त्याने निवळी पांढरी होते. गांडूळखताच्या मातीत ते नुसत्या शेणखतापेक्षा जोरात असतात, म्हणून ती लवकर पांढरी होते, हे सासऱ्यांनी मुलाच्या तोंडून ढीगभर वेळा ऐकलं होतं.

सकाळी वाटी दुधासारखी झालेली. सासरे बरणी घेऊन धावतच आले.

"सूनबाई, श्वास चाललाय! म्हणजे खाली कुठेतरी आहेत अजून! इतकी पांढरी तर त्याच्याही वेळी कधी झाली नव्हती!"

का झाली, ते तिला कळत होतं. मेलेल्या गांडुळांवर जीवाणू तुटून पडले होते. पण त्यांचं तोंड इतकं फुललं होतं, की तिची जीभ रेटेना.

"हो बाबा," ती म्हणाली.

"मग आज काय घालू गं त्यांना? दुसरीकडून शेण आणू?"

तिला आवरलं नाही. ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मेलं खोटंसुद्धा धड बोलता आलं नाही!

सासऱ्यांनी बरणी हळूच जमिनीवर ठेवली.

"गेली ना सगळी?"

"सगळी, बाबा."

मुलाला पोचवून आले त्या दिवशी ज्या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, तो सुनेच्या शेजारी बसला आणि पोराला हाका मारमारून रडला.