लाईनीच्या झडत्या

आमच्या गावात इंग्रजी कोणाला येत नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने एक दिवस आमच्या पारावर येऊन बसावं. एका 'लाईन' या शब्दावर आम्ही दिवस काढतो. तेवढा एक शब्द काढून घेतला तर निम्मं गाव मुकं होईल आणि माझे सासरे कडूबा, आमचे मामाजी, तर उपाशीच राहतील, कारण जेवायला बसताना ते सुद्धा "लाईनीनं वाढ, सूनबाई" असं म्हणतात.

आता मागच्या पोळ्याचं सांगते. पोळ्याच्या सांजेला मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्याखाली सजवलेल्या जोड्या उभ्या राहतात आणि दोन बाजूंची माणसं यमक जुळवून एकमेकांची फजिती करतात. तिला झडती म्हणायचं. प्रत्येक झडतीच्या शेवटी "हर बोला, हर हर महादेव" अशी आरोळी. ज्याच्या झडतीला समोरून उत्तर येत नाही, त्याची जोडी तोरणाखालून पहिली निघते आणि वर्षभर मानाची जोडी म्हणून मिरवते. हा मान मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याच गोठ्यात आहे. समोरची बाजू रंगरावांची. ते दरसाल हरतात आणि दरसाल म्हणतात की पुढच्या साली बघू.

पण जुन्या झडत्या सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. एकाने तोंड उघडलं की दुसरा शेवट सांगायचा. म्हणून सरपंच भगवानरावांनी पोळ्याआधी पंधरवडाभर नवीन टूम काढली.

"या साली नव्या झडत्या. शबुद एकच, लाईन. दरवेळी त्याचा उपेग नवा पायजे. एकदा वापरला तो उपेग पुन्हा केला का खेळ खलास."

मामाजी खूश होऊन घरी आले. पण आमचे हे, म्हणजे ज्ञानेश्वर, त्याच दिवशी ट्रॅक्टरचं काहीतरी मनात धरून बसले होते. जेवताना त्यांनी विषय काढला.

"आबा, पेरणी ट्रॅक्टरनं, नांगरणी ट्रॅक्टरनं. तन काढाच्या डवऱ्यापुरते दोन जीव वर्षभर काऊन पोसून राह्यलो आपन?"

"मानाची जोडी हाय ते."

"बरं, मान हाय तवर ठेवू. मान गेला का बाजार दाखवू."

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. "गेला तं वीक. माहा शबुद."

झालं. दोन्ही पुरुष तोऱ्यात हात धुवायला उठले आणि मी ताटं उचलत बसले. त्या दोन बैलांना, तांब्या आणि चांद्याला, कोणी विचारलंच नाही. तांब्या रंगाने लाल, स्वभावाने खादाड. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद, आणि तो तांब्या करेल ते करतो. दोघांना पाणी मी दाखवते, ढेप, म्हणजे सरकीची पेंड, मी घालते. मी तापात पडले होते तेव्हा दोघंही माझी वाट पाहत चारा तोंडात धरून उभे राहिले होते, चावत नव्हते. असली जनावरं बाजारात उभी करायची म्हणे.

मग सराव सुरू झाला. मामाजींचं म्हणणं, झडती बैलापुढेच सुचते. म्हणून रोज दिवेलागणीला ते गोठ्यात उभे राहायचे आणि त्याच वेळेला मी ढेपेचं घमेलं घेऊन जायची. मामाजी झडती म्हणत, यमक जमलं की दोघं मिळून "हर बोला, हर हर महादेव" ओरडत असू, आणि मग मी घमेलं खाली ठेवी. नाही जमलं तर मी घमेलं डोक्यावर धरून तशीच उभी. चार-पाच दिवसांत तांब्याला सुद्धा यमक कळायला लागलं. 'हर' म्हटलं की तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. आम्ही दोघं त्याचं कौतुक करत होतो. पुढे काय होणार हे कळायला आम्हाला तांब्याएवढी तरी अक्कल हवी होती.

पोळ्याच्या दिवशी तोरणापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. देवळासमोरच आमचा ओटा. तिथे आम्ही बायका पूजेची ताटं घेऊन उभ्या. माझ्या हातात पुरणपोळ्यांची परात. झडतीत बायकांनी बोलायचं नसतं. ओट्यावरून ऐकायचं, हसायचं आणि घरी गेल्यावर नवऱ्याला चुका सांगायच्या, एवढंच आमचं काम.

रंगरावांनी या साली आपल्या पुतण्याला उभं केलं होतं. गोविंदा त्याचं नाव. मेहकरला कॉलेज करून आलेला, जिभेला हाड नाही. त्याने मिशीवर हात फिरवला आणि सुरुवात केली.

"वखर झाला, पेरा झाला, पान्याची आली घाई,
मोटर दाबाले गेलो तं लाईन घरी नाई!
हर बोला, हर हर महादेव!"

आमच्याकडे वीज म्हणजे लाईन. लोक हसले. मामाजी पुढे झाले.

"खत आलं, खत आलं, झाली गावभर बोंब,
लाईनीत ठेवल्या चपलीले माह्या फुटले हिरवे कोंब!
हर बोला, हर हर महादेव!"

चपला ठेवून रांगेत नंबर लावणारे सगळे तिथेच होते. ज्यांच्या चपला त्या रांगेतून हरवल्या होत्या ते जास्त मोठ्याने हसले. इकडे आमचे हे कासरा धरून उभे होते, ते एकदम पाऊलभर ओढले गेले. तांब्याने मान वळवली होती. महादेव तर झाला, मग घमेलं कुठे आहे, असा त्याचा सरळ सवाल होता.

"गॉगल लावून लाईन मारे गडी मेहकरच्या येष्टीत,
कंडक्टर निंगाला पोरीचा चुलता, उतरवला सोयाबीनच्या शेतीत!"

ही झडती गोविंदाची, आणि त्याच्यावरच घडलेली म्हणे. माझ्या शेजारी चांगुणाकाकू उभ्या होत्या, त्यांनी कानात नावगावसुद्धा सांगितलं. मामाजींनी त्याला श्वास घेऊ दिला नाही.

"पोरगा गेला मेडिकल लाईनले, पोरगी शिकली कायदा,
बाप राह्यला बैलाच्या मागं, त्याच्यातच त्याचा फायदा!"

हे म्हणताना त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने तोरणाकडे पाहिलं. पुन्हा महादेव, पुन्हा तांब्याची मान, पुन्हा ह्यांची फरफट. आता चांद्या पण बघायला लागला होता.

"रेल्वेची लाईन येनार म्हनून आजा बसला शेताच्या धुऱ्यावर,
नातू म्हातारा झाला तरी शिट्टी निस्ती कुकरावर!"

गोविंदाच्या या झडतीवर तर भगवानराव सरपंच असून पोट धरून हसले. मग गाडी अशी सुटली की कोण काय म्हणतं तेच कळेना. मामाजींनी ठिबकच्या लाईनी उंदराने कुरतडल्या त्या काढल्या. गोविंदाने अंगणवाडीतली पोरं खिचडीच्या वासाने लाईन मोडून पळवली, तेव्हा कोणीतरी ओरडलं की रांगेची लाईन चपलीवर होऊन गेली, तीच पुन्हा आली. त्यावर मोठा वाद झाला. शेवटी भगवानरावांनी निकाल दिला की चपलांची लाईन निराळी आणि पोरांची निराळी, कारण चपला पळत नाहीत. हा निकाल सगळ्यांना पटला. त्या वेळी आम्हाला काहीही पटलं असतं. हसून हसून माझ्या परातीतल्या वरच्या पोळ्या घसरून ओट्यावर आल्या होत्या.

आणि मग गोविंदाने हात जोडले, मामाजींच्या पाया पडल्यासारखं केलं आणि म्हणाला,

"कडूबा आजाले देवाचा फोन येते घाई घाई,
'लाईन बिझी हाय' म्हने आजा, 'आत्ता सवड नाई!'
हर बोला, हर हर महादेव!"

गाव फुटलं. आणि सगळ्यात जास्त फुटले ते मामाजी. स्वतःच्या मरणावर असा हसलेला माणूस मी पाहिला नाही. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोळे पुसले, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा हसू आलं. तयार करून आणलेली झडती त्या हसण्यात कुठे सांडली देव जाणे. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. हसू ओसरलं तसा चेहरा उतरला.

"आबा, ढोल वाजून राह्यला," भगवानराव म्हणाले. "थांबला का झालं."

ढोल थांबेपर्यंत उत्तर आलं नाही तर हार, हा नियम. मामाजींनी बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोठ्यात अडले की ते असेच माझ्याकडे बघायचे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बैल जाणार म्हणून हे खूश असतील असं मला वाटलं होतं. पण ह्यांनी कासरा हाताला दोनदा गुंडाळून घेतला होता आणि मान खाली घातली होती. स्वतःच बोलून बसलेल्या शब्दात माणूस अडकला होता. खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. दोघांचाही, आणि तो ढोल बडवणाऱ्याचाही. मी परात कमरेवर घेतली आणि ओट्याच्या कडेला येऊन बेंबीच्या देठापासून ओरडले,

"सासरा, नवरा, बैलजोडी, साऱ्याइची भारी ऐट,
म्या लाईनीवर आनलं तवा चालतात सारे थेट!
हर बोला, हर हर महादेव!"

बाईने झडती म्हटली, हे लोकांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागलाच. तांब्याला मात्र लागला नाही. इतका वेळ नुसतेच महादेव ऐकून तो विटला होता. आता आवाज ओळखीचा, आरोळी ओळखीची आणि आवाजाखाली परात. त्याने जो हिसडा मारला तो थेट तोरणाखालून. चांद्या जोडीला होताच. मागे कासऱ्याला लटकलेले आमचे हे. आंब्याची पानं तुटून तिघांच्याही अंगावर पडली. रंगरावांचे बैल बाजूला झाले, गोविंदा देवळाच्या पायरीवर चढला, आणि आमची जोडी ओट्यापाशी येऊन परातीत तोंड घालून उभी राहिली.

"निंगाली पह्यली!" चांगुणाकाकू ओरडल्या.

रंगराव तणतणत आले. "हे काय चालत नाई. बाईनं झडती म्हटली, अन् बैल सुटले का सोडले?"

भगवानरावांनी विचार केला. विचार करताना त्यांचंही हसू थांबत नव्हतं. "रंगराव, म्हटलेला उपेग नवा व्हता का नाई?"

"व्हता."

"उत्तर हाय का तुमच्यापाशी?"

रंगरावांनी गोविंदाकडे पाहिलं. गोविंदा पायरीवर बसून नुसता हात हलवत होता. त्याला हसण्याने बोलता येत नव्हतं. "काका, बाई म्हने थेट, अन् बैल आले थेट," तो कसाबसा म्हणाला. "याच्यावर मी काय कप्पाळ म्हनू?"

मान आमचाच राहिला. आता मानाच्या जोडीने गावाला फेरी घालायची, बाकीच्या जोड्या मागून. पण तांब्या परात सोडून हलेना. ह्यांनी ओढलं, मामाजींनी चुचकारलं, काही उपयोग नाही. शेवटी मी पदर खोचला, परात डोक्यावर घेतली आणि ओट्यावरून खाली उतरले. मी चालले तसे ते चालले. ते चालले तसे सगळ्या गावाचे बैल चालले. वेशीपाशी वळणावर मी मागे पाहिलं तर झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं अशी लांबच्या लांब लाईन, आणि तिच्या पुढे मी, डोक्यावर उष्ट्या पोळ्यांची परात. मला इतका आनंद झाला की कोणाला तोंड दाखवायची लाज वाटली.

हे माझ्या बाजूला आले. कासऱ्याने हात सोलून निघाला होता. "कोकिळा," हळूच म्हणाले, "बाजाराचं ते... मी उगंच बोललो व्हतो."

"मले म्हाईत हाय," मी म्हटलं.

मामाजी मागून भरभर चालत आले. टोपीत आंब्याचं पान अडकलेलं. ते काही बोलतील, रागावतील, म्हणून मी पदर सारखा केला. त्यांनी माझ्या डोक्यावरची परात दोन्ही हातांनी उचलून आपल्या डोक्यावर घेतली. तांब्याने लगेच आपली वाट बदलली आणि त्यांच्या मागे लागला.

"पुढच्या साली परात मी धरतो," मामाजी म्हणाले. "झडती तू म्हन."