संचालकांना दिसेल असा पडदा

नागसेन कांबळेनं तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद केला, तिसऱ्यांदा चालू केला, आणि टेबलावरच्या मॉनिटरचा पडदा तिसऱ्यांदा काळाच राहिला. खाली बारका पिवळा दिवा तेवढा जळत होता. म्हणजे वीज होती, मॉनिटरमध्ये जीव होता, पण लॅपटॉपकडून त्याला काही पोचत नव्हतं.

"काय रं, घोडं कुठं पेंड खातंय?" चेअरमन हंबीररावांनी विचारलं.

"आत्ता येतंय साहेब. दोन मिनिटं."

अशी दोन-दोन मिनिटं करता करता अर्धा तास गेला होता. साखर कारखान्याचे सतरा संचालक लांबलचक टेबलाभोवती बसले होते, चहा दोनदा फिरून गेला होता, आणि आप्पासाहेब संचालक तर खुर्चीतच डुलक्या घेत होते.

आता कुणी म्हणेल, लॅपटॉपला स्वतःचा पडदा होता की! होता ना. पण सत्त्याण्णव सालातला तो पडदा, वहीच्या पानाएवढा. नाकासमोर बसेल त्याला दिसायचं, बाजूच्याला नुसता अंधार. म्हणजे एकेका संचालकानं उठून, कांबळ्याच्या पोरामागं उभं राहून, वाकून बघायला पाहिजे. आणि संचालक वाकतो होय? वाकतो, पाच वर्षांतून एकदा, मतं मागताना. म्हणून लेखा खात्यातला मोठा मॉनिटर आणून जोडायचा हुकूम झाला होता.

नागसेन कारखान्यात तीन वर्षं हंगामी कारकून होता. गटातल्या अकराशे शेतकऱ्यांच्या ऊस लागणीच्या तारखा त्यानं दोन महिने राबून वहीत जमवल्या आणि रात्री जागून लॅपटॉपमध्ये भरल्या होत्या. लॅपटॉप मावसभाऊ रोहनचा, पुण्याहून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला, पण प्रोग्रॅम ह्याचा स्वतःचा. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. बस, एवढंच. त्यात चिठ्ठी नाही, चपाटी नाही, कुणाचा फोन नाही.

हे एवढं कशासाठी? आईसाठी. बनुबाईचा वीस गुंठ्यांचा तुकडा, आणि लागण नेहमी वेळेवर, आषाढात. पण तोडणीची टोळी तिच्या बांधावर यायची ती सगळ्यांचं आटपल्यावर, चैत्रात. तोवर उसाला तुरे येऊन गेलेले, पाचट खडखडतंय, अन् कांडं आतून पोकळ. दर हंगामाला ती शेतकी खात्याच्या पायरीवर जाऊन बसायची. "आवं साहेब, माजी पाळी कवा?" साहेब म्हणायचा, येईल की. आज सकाळी नागसेन तिला सांगून निघाला होता, "आये, औंदा तुला त्या पायरीवर बसायला लागायचं न्हाई." संचालक मंडळानं आज मान्यता दिली तरच हे खरं होणार होतं. गाळप आठ दिवसांवर आलं होतं.

त्यानं पुन्हा सगळं तपासलं. मॉनिटरचा उजेड वाढवला. बाहेरच्या पडद्यावर चित्र पाठवायची जी दोन बटणं एकदम दाबायची असतात, ती दाबली, सोडली, परत दाबली. मॉनिटर जोडूनच लॅपटॉप चालू करून बघितला. पालथ्या घड्यावर पाणी!

"आमच्या वक्ताला वही हुती," आप्पासाहेब जागे होऊन म्हणाले. "तिला वायर लागत नव्हती." टेबलावर हशा पिकला. नागसेनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

शेवटी त्यानं केबल उपसली आणि तिचं टोक खिडकीच्या उजेडाकडं केलं. पंधरा बारक्या पिना, आणि त्यांच्या बुडापर्यंत हळदीकुंकवाचा लगदा वाळून दगड झालेला.

झालं होतं असं. लेखा खात्याचा हा कॉम्प्युटर घेतल्यापासून प्लास्टिकच्या टोपीखाली झाकलेला. टोपी निघायची दोनदा, कुणी बडे पाहुणे आले की, नाहीतर खंडेनवमीला. औंदाच्या खंडेनवमीला लालासाहेब शिपायानं सगळ्या वायरी सोडवून पुसल्या आणि मनोभावे प्रत्येक वस्तूला ओली बोटं लावली. गड्यानं केबलचं तोंडसुद्धा सोडलं नाही.

नागसेनच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं गिळलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. ह्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात कुंकवाची डबी नाही, हे अख्ख्या गटाला पाठ. ह्याच्या तोंडून 'पूजेमुळं बिघडलं' एवढं निघायचा अवकाश, कॉम्प्युटर राहिला असता बाजूला आणि ह्याच्या बापजाद्यांचा उद्धार सुरू झाला असता.

"लूज कॉन्टॅक्ट हाय साहेब," तो म्हणाला. "तात्या, टाचणी द्या की जरा."

लालासाहेबानं टाचणी दिली, आणि देता देता त्याला केबलचं तोंड दिसलं. म्हातारा पांढराफटक पडला. "माज्याकडनं झालं व्हय रं?" तो पुटपुटला.

"न्हाई तात्या. गंज हाय."

एकेक पिन त्यानं टाचणीनं कोरली, रुमालानं पुसली. अगदी जपून, कारण एखादी पिन वाकली तर सगळं मुसळ केरात. मग केबल बसवली, लॅपटॉप चालू केला, दोन बटणं दाबली. पिवळा दिवा हिरवा झाला आणि पडदा उजळला. ठसठशीत अक्षरांत नावांची यादी! चौदाव्या ओळीत, बनुबाई कांबळे.

नागसेनला हुंदकाच आला होता. त्यानं तो खोकल्यात घालवला.

"वा रं पठ्ठे!" हंबीरराव म्हणाले. "आता आमचं नाव दाव."

नागसेन बटण दाबत यादीत खाली खाली गेला. शंभर. दोनशे. आप्पासाहेब दोनशे एकतिसावे निघाले. हंबीरराव तीनशे चाळिसावे. टेबलावरची कुजबुज हळूहळू बंद झाली.

"ह्यातलं एखादं नाव वर घ्याचं म्हणलं तर?" हंबीररावांनी अगदी साधेपणानं विचारलं.

"न्हाई जमत साहेब," नागसेन छाती फुगवून म्हणाला. "कुणालाच जमत न्हाई. तशीच सोय केलीय."

म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. अरे, कुणाचा ऊस आधी न् कुणाचा मागं हे ठरवायच्या ज्या सत्तेच्या जिवावर ही माणसं खुर्चीवर बसली होती, तीच हा काढून घेतो म्हणत होता!

हंबीरराव उठले. टेबलाला वळसा घालून आले, मॉनिटरमागं वाकले आणि सावकाश केबल ओढून काढली. पडदा काळा झाला.

"सेक्रेटरी, लिवा. जोडणी न झाल्यामुळं पडद्यावर कायबी दिसलं न्हाई. विषय पुढच्या हंगामाला."

"मला तर काय दिसलं न्हाई बाबा," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या शेजारच्यानं मान हलवली, मग त्याच्या शेजारच्यानं. लालासाहेब फरशीकडं बघत होता.

"तूबी सही कर," हंबीररावांनी इतिवृत्ताची वही पुढं सरकवली. "यंत्र तुजं हाय न्हवं?"

सेक्रेटरीनं पेनाचं टोपण काढून दिलं. नागसेनला वही भिरकावावीशी वाटली, ओरडून सांगावंसं वाटलं, अहो सतरा जणांनी बघितलंय, चौदावा नंबर बघितलाय! पण तो हंगामी होता, आणि खोलीत त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. त्यानं सही केली.

केबल गुंडाळून तो दाराशी आला तेव्हा हंबीररावांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. हात मायेचाच होता, हे तर त्याहून वाईट.

"बनुबाईचा ऊस मी सांगतो शेतकी खात्याला. म्हातारीला म्हणावं, एकदा बंगल्यावर येऊन भेटून जा. चैत कशाला, पुसातच टोळी धाडू. मग तर झालं? तू काय परका हायस व्हय?"

नागसेननं नाही म्हणायला तोंड उघडलं. "व्हय साहेब," तो म्हणाला. आणि कुणी मागितलं नसताना वर म्हणाला, "उपकार झालं."