टेपर आणि दारातला ट्रक

हा स्क्रू... करंगळीच्या नखाएवढा, तेलकट, तिच्या तळहातावर — शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे, खोटा निघाला तर ह्या हातांना गंज चढो — हा स्क्रू काढला आणि लेथची आडवी सरक एकदम मोकळी झाली, वर्नाच्या छातीतही काहीतरी सुटल्यासारखं झालं. आता हत्याराला आतबाहेर नेणार ती मागे बसवलेली तिरकी पट्टी. हॅल्वर, तिचा नवरा, गेल्यापासून लेथ तीच चालवते, पण ही टेपर अटॅचमेंट, निमुळतं कापायची जोडणी, त्याच्या वेळेपासून खोक्यातच पडलेली... म्हणायचा, ही एक दिवस तूच बसव, तुझा हात हलका आहे.

दारात ट्रक उभा. हॅल्वरच्या धाकट्या भावाचा, एइनारचा. ठरलं असं: तिनं कापलेला नवा दांडा त्याच्या बोटीच्या पंख्यात घट्ट बसला तर लेथ इथेच, नाहीतर आजच ट्रकवर घालून तो घेऊन जाणार. सकाळी त्यानं स्वतः पट्टीवरचे अंश वाचून एक तुकडा कापला होता, आणि पंखा त्यावर हलत्या दातासारखा डुगडुगला होता.

"यंत्र झिजलंय, वहिनी. म्हातारं झालं."

"तुझ्याएवढं नाही. कॉफी पी गुपचूप."

त्या अंशांवर कोण विसंबतं... तिनं बोटीचा जुना मोडका दांडा लेथच्या दोन टोकदार सेंटरमध्ये धरला, त्याच्या निमुळत्या टोकाला डायल, सुईचं मापयंत्र, टेकवला, हळूहळू पुढे नेला. सुई हलली. पट्टी केसभर सरकवली, पुन्हा नेला, पुन्हा... आणि सुई गप्प, वारा पडल्यावर सुपीरियर सरोवर होतं तशी. मग मागे फिरवताच टुणकन उडाली. अगं बाई! ही झीज नाही, ही सांध्यातली ढिलाई — ती ताणली जाईपर्यंत हत्यार सरळच जातं, आणि ह्या शहाण्यानं तर थेट टोकापासून कापायला घेतलं होतं... मी हसले. म्हणजे, वर्ना हसली.

तिनं नवा दांडा चढवला आणि हत्यार टोकाच्या बरंच बाहेरून सुरू केलं.

"हवा कापतेस की काय?"

"हो. फुकट असते."

पोलादाची साल निघाली, कुरळी, लांबच लांब, दारातून बाहेर, आणि ट्रकच्या आरशाला दोन वेढे घालून थांबली.

मग दांड्यावर निळ्या रंगाचा पुसट हात. पंखा चढवला, जरासा फिरवला. रंग सगळीकडे सारखा पुसला तर जमलं, एकाच कडेला पुसला तर गेलं.

"काढ ना, बघू," एइनार म्हणाला. त्याची कॉफी गार झाली होती.

"थांब रे."

हात पंख्यावरच, काढवेना... भीतीनं नव्हे, मेल्या आनंदानं. सकाळपासून हॅल्वरचं यंत्र वाचवायचं म्हणून धडपडत होते, आणि आता वाटतंय, हॅल्वरचं कसलं... हे मला हवंय. मलाच.

हॅल्वर हलक्या हाताचं तसं काही म्हणाला नव्हता, हं. ते मी घातलं. तो असेतो मला लेथजवळ फिरकूसुद्धा द्यायचा नाही. आरशाचे वेढे मात्र खरे.