भिंगरी ‘मी’ म्हणाली

सरांच्या थोरल्या मुलीला जुळे झाले, त्या वर्षी मी या प्रयोगशाळेत आलो. सर एका हाताने माझ्या खोक्याची दोरी सोडत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर ओरडत होते, “दोन? नीट मोजलीत ना?”

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन मी गरगर फिरतो आणि रक्ताचे थर वेगळे करतो. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवल्या नाहीत, तर मी सारे टेबल हादरवतो!

माझ्यावर सर्वांत जास्त काम केले ते सरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या भिंगरीने. सतत धावपळ, म्हणून हे नाव. थेंबभर रक्तात तान्ह्या बाळांचा आजार ओळखायची युक्ती तिने माझ्याच शेजारी बसून शोधली. डॉक्टरेट झाली, पण शिष्यवृत्ती संपत आली. कंपन्यांतल्या नोकरीसाठी दिलेल्या दोन मुलाखतींत नकार मिळाला. तिसरीही गेली, तर संशोधन सोडून घरी परतायचे होते.

मग सरांनी सराव घ्यायचे ठरवले. खुर्ची ओढून ते कंपनीचे साहेब झाले.

“सांगा बाई, काय केलंत?”

“रक्ताचे नमुने फिरवण्यात आले. मग त्यांची तपासणी करण्यात आली.”

“कुणी केली? भुतांनी?”

“अहो सर, मीच! पण शोधनिबंधात आपण असंच लिहितो ना?”

“तिथे लिही. इथे असं बोललीस तर नोकरी भुतांना देतील! ‘मी’ म्हण.”

“मी...” ती पुटपुटली.

“मोठ्यानं!”

“मी केलं!”

मुलाखत संगणकावर होती, माझ्या शेजारीच. मी बंद होतो, तरी मला धडधडत होते!

“हे सगळं तुम्ही एकटीने केलंत?” पडद्यावरच्या बाईंनी विचारले.

“नळ्या धुवायला मावशी होत्या, चुका काढायला सर. बाकी सगळं मी केलं.”

बाई हसल्या. “कधीपासून येताय?”

भिंगरीने अशी उडी मारली, की माझे झाकणच उघडले!

आता नवे यंत्र आले आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खातो. मित्रांनो, जुन्या यंत्रांवरून अधूनमधून फडके फिरवा. आणि तुमच्या हाताखाली कुणी शिकत असेल, तर शिकवून झाल्यावर त्याला बाहेरची वाटही दाखवा.

भिंगरी नोकरीला लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षी थंडीच्या अखेरीस सर वारले.