अण्णांचा उंचीमापक

माझे सासरे गेले ते थापाड्या हे नाव घेऊनच. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, फौजेत मेकॅनिक होते. आफ्रिकेच्या वाळूत पडलेल्या जर्मन विमानातून हा उंचीमापक मी स्वतःच्या हातानं काढला, असं अण्णा सांगायचे आणि भाऊबंद हसायचे. "शहागंजात भंगारात घेतला असेल!" लग्नकार्यात आजही "अण्णांचं विमान उतरलं का?" हा ठरलेला विनोद. हसू मलाही यायचं, खोटं कशाला बोलू? ह्यांना मात्र ते जिव्हारी लागायचं. पंचाहत्तरी उलटली तरी एकच ध्यास, डोळे मिटायच्या आत अण्णांना खरं ठरवायचं.

पुंडलिकनगरात मुनीब नावाचा एक जण विमानांची जुनी यंत्रं ओळखतो, असं कळलं. हे लगेच निघाले. म्हाताऱ्याला एकटं सोडवेना, म्हणून मीही गेले.

मुनीबनं तबकडी पाहिली. "काका, जर्मनच आहे. हे बघा, त्यांच्या भाषेत 'उंची' लिहिलंय."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं.

"पण लढाईतलं आहे का, ते मागच्या पट्टीवरून कळतं. तेव्हा कारखान्याचं नाव लिहीत नव्हते, नुसती तीन अक्षरांची खूण अन् नंबर. लढाईनंतरचा मालही भंगारात लई आलाय."

त्यानं यंत्र उलटं केलं. पितळी पट्टी आरशासारखी लखलखत होती. भिंग लावून तो बराच वेळ बघत राहिला.

"हे कुणी घासलं, काका?"

"मीच," हे अभिमानानं म्हणाले. "अण्णांचं हत्यार आहे ते. दर खंडेनवमीला चिंच-राखेनं घासतो, गंध लावतो, पूजेत मांडतो. अण्णा गेल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही."

मुनीबनं भिंग खाली ठेवलं. "अक्षरं छापलेली असायची, काका. आता काहीच उरलं नाय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मला रडावं की ह्यांच्यावर ओरडावं, कळेना.

"अंदाजानं तरी सांगा," हे म्हणाले.

"अंदाजानं कसं सांगू? तुमचेच लोक उद्या पुरावा मागतील."

रिक्षात हे यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "पद्मजा, अण्णा खरंच बोलत होते ना गं?"

हा प्रश्न ह्यांनी जन्मात कधी विचारला नव्हता. मी हो म्हणाले, पण म्हणायला जरा उशीर झाला, आणि तो उशीर ह्यांना कळला.